पेडल थेट तळाला

गाडी रिकामी होती म्हणून वाचलो. उतारावर ब्रेक दाबला तर पेडल चिखलात पाय रुतावा तसं खाली, थेट पत्र्याला. दोन-तीनदा पंप केलं, काही नाही. तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर, मग पहिल्यावर. इंजिन बोंबललं, पण गाडी आवरली. उरलेलं काम हँडब्रेकने केलं. तो केबलवर चालतो, ब्रेक ऑइलवर नाही. (एकदम खेचू नका मात्र, मागची चाकं लॉक होतात.)

नंतर खाली शिरून बघतो तर मागच्या ॲक्सलकडे ब्रेक ऑइल नेणारा लोखंडी पाइप क्लॅम्पच्या आत गंजून फुटलेला. बाहेरून रंग शाबूत! चिखल नेमका तिथेच साठतो. माझ्या गाडीचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल पाइपांत ढकलतो तो) जुना, सिंगल सर्किटचा, म्हणजे चारही चाकांना ऑइलची एकच वाट. एक पाइप गेला की चारही चाकं गेली.

मेकॅनिकने उरलेलं ऑइल बोटावर घेऊन दाखवलं, शाईसारखं काळं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) नवं असताना २०५ अंशांच्या पुढे उकळतं, ओलावा मुरला की १४० पर्यंतही घसरतं.

आता सगळे पाइप नवे टाकलेत. तरी उतार आला की बायको डॅशबोर्ड धरून बसते.