तुम्ही विचारलंत म्हणून: स्वतःची लॅब हवी, तर तयारी कसली?

पोस्टडॉक (पीएच.डी.नंतर दुसऱ्याच्या लॅबमधलं काही वर्षांचं संशोधन) करणारे बरेच जण मला विचारतात, स्वतःची लॅब उभारायची तर तयारी काय करायची? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा पेपरांचा, म्हणजे छापून आलेल्या शोधनिबंधांचा, हिशेब असतो. पेपर लागतातच, त्यावर वेगळं काय सांगणार? पण मी आधी उलट विचारते: तुमचा प्रश्न कोणता?

गाइडच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलं की त्यांचा प्रश्न आपलाच वाटायला लागतो. निवड समितीला मात्र हे जाणून घ्यायचं असतं की उद्या तुमच्या गाइडनी हेच काम पुढे चालू ठेवलं, तर तुमच्याकडे वेगळं काय उरेल. याचं उत्तर मुलाखतीच्या आदल्या रात्री सुचत नाही. पोस्टडॉकच्या पहिल्या वर्षापासून ते शोधत राहावं लागतं.

जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांचं उदाहरण मला यासाठी फार मोलाचं वाटतं. १९६३ मध्ये, रेण्वीय जीवशास्त्रात मोठं नाव झालेलं असताना, त्यांनी आपल्या केंब्रिजच्या प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्स पेरुट्झ यांना पत्र लिहिलं: या विषयातले जुने प्रश्न सुटले तरी आहेत किंवा सुटण्याच्या बेतात आहेत, आता जीवाची वाढ आणि मज्जासंस्था यांकडे वळलं पाहिजे. त्यासाठी त्यांनी जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा, पारदर्शक सूत्रकृमी निवडला. त्याची पिढी साडेतीन-चार दिवसांत तयार होते. पुढे त्याच्या अख्ख्या मज्जासंस्थेत ३०२ चेतापेशी निघाल्या, म्हणून तर पेशी न् पेशी मोजून त्यांच्या जोडण्यांचा नकाशा करता आला. प्रश्न अवाढव्य होता, पण तो हाती लागेल असा जीव त्यांनी हुडकला. मला तर ही निवडच त्यांची खरी कामगिरी वाटते.

मात्र त्या कृमीच्या आनुवंशिकतेवरचा त्यांचा गाजलेला पेपर यायला १९७४ साल उजाडलं. नव्या माणसाला इतकी सवड कोणी देत नाही. म्हणून मोठ्या प्रश्नाच्या जोडीला दोनेक वर्षांत नक्की काहीतरी हाती येईल असं एक काम ठेवाच.

मग तो प्रश्न एका पानात लिहा. आरोग्य संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी संस्थेच्या अर्जातही संशोधनाची उद्दिष्टं एकाच पानात बसवावी लागतात. मी वाचलेल्या बऱ्याच मसुद्यांत एक दोष हमखास सापडतो. पहिलं उद्दिष्ट: अमुक जनुक या आजाराला कारणीभूत आहे हे दाखवू. दुसरं: त्याचं प्रथिन कसं काम करतं ते पाहू. तिसरं: त्याला रोखणारा रेणू शोधू. आता ते जनुक कारणीभूत नाहीच असं निघालं, तर पुढची दोन्ही उद्दिष्टं तिथेच कोसळतात, आणि अर्ज तपासणाऱ्या रिव्ह्यूअरला हे पहिल्या वाचनात दिसतं. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं तरी ज्यातून काही शिकायला मिळेल, असं दुसरं उद्दिष्ट बांधा. लिहून झालं की ते पान तुमच्या विषयाबाहेरच्या माणसाला वाचायला द्या. ‘बरं, मग पुढे काय?’ असं त्याने विचारलं तर पान पुन्हा लिहायला घ्या.

सगळ्यात जास्त टाळलं जातं ते गाइडशी बोलणं. कुठला प्रकल्प तुम्ही नेणार, कुठला तिथेच राहणार, कुठले नमुने, पेशी, कोड सोबत नेता येतील, हे जाण्याच्या वर्षभर आधी तरी विचारा आणि ठरलेलं त्याच दिवशी ईमेलने कळवून ठेवा. यात कृतघ्नपणा नाही. एनआयएचने तर २००६ मध्ये ‘पाथवे टू इंडिपेंडन्स’ नावाचा पुरस्कारच सुरू केला: मार्गदर्शकाच्या हाताखाली जास्तीत जास्त दोन वर्षं, मग स्वतंत्रपणे तीन वर्षांपर्यंत. चांगल्या गाइडना हे वेगळं होणं अपेक्षितच असतं. तुमचे गाइड विषय काढला की टाळत असतील, तर दुसरा मार्गदर्शक आत्ताच शोधा.

हिशेब, खरेदी, वेळापत्रक जागेवर गेल्यावर शिकता येतं. माणसं सांभाळणं मात्र आधीच शिकायला लागा. एखादा नवखा विद्यार्थी आत्ताच मागून घ्या, त्याला एक पूर्ण प्रयोग सोपवा आणि तो चुकत असताना त्याच्या हातातून पिपेट काढून घेऊ नका.