पंप सुरू आहे

एप्रिलची सकाळची शाळा. साडेनऊलाच पंखे गरम हवा फेकत होते. वार्षिक परीक्षा आटोपली होती, म्हणून नववीला मनासारखं शिकवायची सोय होती. विषय घेतला अतिवास्तववादी आत्मचित्र, म्हणजे स्वप्नात दिसावं तसं काढलेलं स्वतःचं चित्र.

आदल्या तासाला एक घोळ करून ठेवला होता. बेल्जियन चित्रकार माग्रितचं १९६४चं आत्मचित्र दाखवलं, चेहऱ्यापुढे हिरवं सफरचंद तरंगतं ते. बत्तीसपैकी अकरा जणांनी चेहऱ्यापुढे संत्रं काढून आणलं. नागपूरच शेवटी!

मग माक्स अर्न्स्ट या जर्मन चित्रकाराची रीत धरली. १९२५मध्ये तो लाकडी फळ्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासायला लागला; जे उमटेल त्यात काय दिसतं ते शोधायचं. पोरांनी खिडकीची जाळी घासली, चपलेचे तळ घासले, बाकावर कोरलेली नावंसुद्धा. सोबत मेक्सिकन चित्रकार फ्रीडा कालोचं १९३९चं ‘दोन फ्रीडा’ हे आत्मचित्र दाखवलं. दोघींची हृदयं उघडी, एकाच रक्तवाहिनीनं जोडलेली. अतिवास्तववाद्यांचा पुढारी ब्रेताँ तिला अतिवास्तववादी म्हणायचा, पण तिला ते पटत नव्हतं, आपण स्वप्नं रंगवत नाही असं ती सांगायची, हेही मी मोठ्या ऐटीत सांगितलं. आणि अर्ध्या तासात स्वतः ब्रेताँसारखंच केलं.

एक मुलगी आठवडाभर गैरहजर राहून त्या दिवशी आली होती. तिनं चित्र घरूनच करून आणलेलं. चेहरा नाहीच, त्या जागी कूलरच्या लोखंडी पट्ट्या, मागे घासून उमटवलेलं गवत. केस म्हणजे वाळ्याची मुळं. कपाळावरून पाण्याच्या बारीक धारा हनुवटीखालच्या टाकीत पडत होत्या. मानेतून दोन वायरी लोंबत होत्या.

माझ्या पोटात गोळा आला. तोंडावर गज, अखंड रडणं, उघड्या वायरी, वरून आठवडाभराची दांडी. मी सरळ तिच्या आईला फोन लावला.

आई अर्ध्या तासात आली. दोन्ही हातांवर बारीक ओरखडे, पदराला गवताच्या काड्या.

"काय झालं मॅडम, पोरीनं काही केलं काय?"

मी चित्र पुढे केलं. शब्द जुळवत होते, तोवर ती हसायलाच लागली. "हे तर आमच्या दुकानातलं कूलर! सीझन आहे न, हिचे बाबा एकटेच. आठ दिवस कूलरच्या ताट्यांत गवत भरायला बसवलं हिला. चिठ्ठी पाठवायची राहूनच गेली."

"पण ही रडते का आहे?" मी मुलीकडे वळले.

"रडते कुठं, मॅडम? पंप सुरू आहे." मग मला समजावल्यासारखं, "पाणी वरून पडत राहिलं तरच हवा थंड येते. बंद पडला की ताट्या वाळतात, नुसती झळ येते."

"आणि वायरी?"

"त्या जोडायच्या राहिल्या. बाबा म्हणतात, तेवढं काम माझं नाही."

आई खाली गेली. मुलगी मात्र माझ्या टेबलापाशी रेंगाळली. वर्गासोबत मीही एक आत्मचित्र काढत होते: छातीपासून पोटापर्यंत ड्रॉवरच ड्रॉवर, अतिवास्तववादी चित्रकार दालीच्या चित्रांतल्यासारखे. हातावर नेहमीसारखं घड्याळ, खांद्यावर पर्स. तिनं ते बराच वेळ पाहिलं. प्रत्येक ड्रॉवरवर मी नीट, सावलीसकट कडी काढली होती.

"मॅडम," ती म्हणाली, "एकही उघडा काहून नाही?"

मी घड्याळाकडे पाहिलं. तास संपायला अजून बारा मिनिटं होती.