ऑक्टोबरचा डेटा आणि बेळगावचं बिल

कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं जीएसटीचं काम मी बघतो. उलाढाल पाच कोटींच्या वर, म्हणजे १ ऑगस्ट २०२३पासून ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) सक्तीचं. आजवर विक्रीची बिलं एका सॉफ्टवेअरमध्ये, खरेदीची जुळणी एक्सेलमध्ये आणि जॉबवर्कची (बाहेरून करून घ्यायच्या कामाची) चलनं वहीत, असा कारभार होता. आता सगळं एका ठिकाणी आणायचं असं मालकांनी ठरवलं आणि तीन कंपन्यांच्या माणसांना एकाच दिवशी बोलावलं. सॉफ्टवेअर घेऊन झालंय, तरी त्या दिवसातला एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

विक्रेते डेमोला स्वतःचा नमुना डेटा आणतात. त्यात प्रत्येक बिल क्रमांक नीटनेटका, पुरवठादाराने विवरणपत्र वेळेवर भरलेलं आणि विकलेला माल कधीच परत आलेला नाही. असल्या डेटावर कुठलंही सॉफ्टवेअर चांगलंच दिसणार. एका क्लिकमध्ये ई-इन्व्हॉइस निघतं हे तर आता कौतुकाने दाखवण्यासारखं राहिलेलंच नाही. म्हणून मी आधीच सांगून ठेवलं होतं : डेमो आमच्या डेटावर आणि महिना ऑक्टोबर २०२५चा.

ऑक्टोबरच का? २२ सप्टेंबरला दर बदलले. वाहनांच्या ज्या सुट्या भागांवर २८ टक्के कर होता, तो १८वर आला. ऑगस्टमध्ये २८ टक्क्यांनी गेलेली काही कास्टिंग्ज (ओतीव भाग) ग्राहकाकडे मशिनिंग करताना ब्लोहोल (धातूतल्या पोकळ्या) दिसले म्हणून ऑक्टोबरमध्ये परत आली. त्यांची क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम कमी करणारा कागद) मूळ बिलाच्या दराने, म्हणजे २८ टक्क्यांनीच काढावी लागते. पहिल्या सॉफ्टवेअरने आयटम मास्टरमधला (मालाच्या मूळ यादीतला) आजचा दर उचलला आणि १८ लावला. प्रतिनिधी म्हणाला, "मास्टरमध्ये दर बदला, नोट काढा, परत पूर्ववत करा." त्या मधल्या वेळात शेजारच्या टेबलावरून निघणारं विक्रीचं बिलही २८ टक्क्यांनी जाईल, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. ई-इन्व्हॉइस पोर्टलवर गेलं की त्यात खाडाखोड चालत नाही. २४ तासांच्या आत रद्द करता येतं, पण तो बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. विकायला येणाऱ्या माणसाने निदान एक महिना बिलिंगच्या टेबलावर काढावा, असं माझं ठाम मत आहे.

जॉबवर्कमध्ये तिघेही चाचपडले. आमच्याकडे कास्टिंग विकलं जातं किलोवर आणि मशिनिंगला बाहेर जातं नगावर. पाचशे नग गेले की परत येताना काही तयार, काही रिजेक्ट, काही तिथेच शिल्लक आणि बोरिंगचा भुगा वेगळाच. पाठवलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर पाठवल्या दिवशीच पुरवठा झाला असं कायदा धरतो. त्यामुळे प्रत्येक चलनाचं वय दिसलं पाहिजे. एकाकडेच ते दिसत होतं, आणि त्याचेही पैसे वेगळे.

पण दिवस गाजवला तो खरेदीच्या जुळणीने. पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून जीएसटी पोर्टल दर महिन्याला आमच्या खरेदीची जी यादी बनवतं ती २बी. जानेवारी २०२२पासून २बीमध्ये न दिसणाऱ्या बिलाची क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेताच येत नाही, त्यामुळे आमचा जीव त्या जुळणीतच अडकलेला असतो. पहिल्या सॉफ्टवेअरने आमची खरेदी वही आणि २बी शेजारी ठेवली आणि काही मिनिटांत सगळा पडदा हिरवा केला, म्हणजे सगळं जुळलं. मालक खूश झाले. मोबाइलवर आकडे दिसणार, भट्टीजवळ उभं राहून बघता येणार.

हिशेब सांभाळणाऱ्या बाई मागे बसल्या होत्या. कारखान्यात सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्या उठून पडद्याजवळ आल्या आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "ही बेळगावची जुळणी खोटी आहे."

रेझिनचे ड्रम बेळगावच्या व्यापाऱ्याकडून येतात. दर ठरलेला, ड्रम तेवढेच, त्यामुळे बिलही दर वेळी सारखंच : एक लाख, वर १८ हजार आयजीएसटी. सप्टेंबरचं बिल ११२, त्याची क्रेडिट त्याच महिन्यात घेऊन झालेली. ऑक्टोबरचं बिल १२१, आणि व्यापाऱ्याकडून ते विवरणपत्रात टाकायचंच राहिलेलं. मग ऑक्टोबरच्या २बीमध्ये आलं काय? तर ११२ची दुरुस्ती. तारीख चुकली होती, ती त्याने सुधारली. सॉफ्टवेअरने दुरुस्तीची ती नोंद नवं बिल समजून घेतली. व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक तोच, रक्कम तीच, बिल क्रमांकातले आकडेही तेच, फक्त मागेपुढे. लावून दिली १२१ला. म्हणजे एकाच बिलाची क्रेडिट दोनदा. ती वापरली गेली असती आणि पुढे नोटीस आली असती, तर १८ हजार परत आणि वर वर्षाला १८ टक्के व्याज.

"मॅडम, सिस्टीम मॅच दाखवतेय," प्रतिनिधी म्हणाला.

"११२च्या तारखेसाठी मीच बेळगावला फोन केला होता," अक्का म्हणाल्या. "कन्नडमध्ये बोलले, म्हणून तर त्यांनी लगेच दुरुस्त केलं."

दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरने दुरुस्त्या वेगळ्या रकान्यात टाकल्या आणि १२१ लालच, म्हणजे न जुळलेलं, ठेवलं. जॉबवर्कच्या चलनांचं वयही याच्याकडेच. पडदा साधा, वेग कमी. तरी मी तेच घ्यायला सांगितलं आणि मालकांनी ऐकलं. मधल्या काळात १२१ही पुढच्या २बीत आलं.

मग मालकांनी मला विचारलं, "अक्का दोन वर्षांनी रिटायर होणार. तेव्हा हे कोण ओळखणार? आणि जुळणी इतकी कडक ठेवली तर पैसे देऊन आम्ही काम वाढवूनच घेतलं की."

त्यांचं म्हणणं खोटं नाही. पुरवठादार लिहितो 'केएल/००१२/२५-२६', आमच्या पोरांनी नोंद केलेली असते नुसती '१२'. जुळणीत फरक चालवून घेण्याची सवलत शून्यावर आणली की असल्या शेकडो खऱ्या बिलांना लाल रंग येतो, आणि लाल ओळी फार झाल्या की माणूस न वाचताच 'स्वीकारा' दाबत सुटतो. सवलत सैल केली की बेळगाव होतं. ही रेघ कुठे मारायची हे तिघांपैकी एकाही विक्रेत्याला नीट सांगता आलं नाही. मलाही अजून पुरतं ठरवता आलेलं नाही.

तूर्त रकमेत एक रुपयाचा फरक चालवून घेतोय. क्रमांकाआधीची अक्षरं आणि शून्यं सोडून देण्याची मुभा यादीतल्या पुरवठादारांनाच, आणि ती यादी अक्कांनी केलीय. एकसारख्या रकमांची बिलं पाठवणारे त्या यादीत नाहीत. दर महिन्याच्या १४ तारखेला २बी तयार झाली की हिशेबातली दोन्ही पोरं अक्कांशेजारी बसतात. अक्कांनी नाकारलेल्या प्रत्येक जुळणीचं कारण त्याच ओळीपुढच्या शेऱ्यात लिहायचं ठरलंय. शेऱ्याच्या रकान्यात जेमतेम एक वाक्य मावतं. तो मोठा करून द्या आणि शेऱ्यांसकट सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता आला पाहिजे, असं मी कंपनीला लेखी कळवलंय. दुसरी मागणी त्यांनी मान्य केली, पहिलीचं उत्तर यायचंय.