ग्रान्योनच्या मनोऱ्यातील पंगत

फ्रान्समधील सेंट-जाँ-पिए-द-पोरहून स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राकडे जाणाऱ्या सुमारे ७८० किलोमीटरच्या यात्रामार्गावर दहाव्या दिवशी, नाहेरापासून अठ्ठावीस किलोमीटर चालून, मी ग्रान्योन या लहानशा स्पॅनिश गावी पोहोचले. त्याआधी सान्तो दोमिंगो दे ला काल्सादा लागते. इ.स. ११०९ मध्ये निवर्तलेल्या ज्या संताचे नाव या गावाला मिळाले, त्याने यात्रेकरूंसाठी रस्ता केला, नदीवर पूल बांधला आणि आसरा मिळावा म्हणून धर्मशाळा उभारली. त्या धर्मशाळेच्या जागी आज हॉटेल आहे, हे पाहून मन खट्टू झाले होते. ग्रान्योनला आल्यावर मात्र ती खंत उरली नाही.

येथील मुक्काम सान हुआन बाउतिस्ता चर्चला लागूनच, मनोऱ्यात आहे. अरुंद जिना चढून गेले की जमिनीवर पातळ गाद्या अंथरलेल्या दिसतात. दर ठरलेला नाही. दानाची पेटी उघडीच असते आणि तिच्यावर लिहिलेले असते, ‘जमेल तेवढे ठेवा, लागेल तेवढे घ्या.’ सेवेकरी बाईंनी, ज्यांना तिकडे ओस्पितालेरा म्हणतात, माझी पाठपिशवी उतरवून घेतली आणि थोड्याच वेळात हाती सुरी व लसणाचे गड्डे दिले. बेत मसुराच्या दाटसर आमटीचा होता. मी मांस खात नाही हे खाणाखुणांनी सांगताच, चोरिसो (आपल्या गोव्यातील चोरिसाचे हे स्पॅनिश भावंड) पातेल्यात पडण्यापूर्वी त्यांनी माझ्यापुरती आमटी वेगळी काढली. भाषा कळत नसलेल्या परक्या बाईसाठी इतकी आठवण ठेवणे मला फार मोठे वाटले.

लांब मेजांवर कोरियन, इटालियन, जर्मन असे आम्ही तीसएक जण दाटीवाटीने बसलो आणि पाव हातोहात फिरला. पंढरीच्या वाटेवर मी गावकऱ्यांच्या हातची पिठले-भाकरी खाल्ली आहे. तेथे वाढणारा वारकऱ्याच्या पाया पडतो आणि त्याला भांड्याला हात लावू देत नाही. येथे चिरणे, वाढणे, विसळणे हे सारे यात्रेकरूच करतात. भांडी पुसताना ओस्पितालेरांनी सांगितले, की आजचा मसूर कालच्या मुक्कामींनी पेटीत ठेवलेल्या पैशांतून आला. काल येथे कोण होते, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

पहाटे निघताना मी पेटीत नोटा ठेवल्या, त्या संध्याकाळी येणाऱ्यांच्या आमटीसाठी.