२२० वजा वय

जिमच्या भिंतीवर, ट्रेडमिलच्या पॅनेलवर, मनगटावरच्या घड्याळात, सगळीकडे एकच सूत्र: २२० वजा तुमचं वय. उत्तर येईल ते तुमच्या हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे मला त्यात आधी रेषा दिसते. चढ उणे एक. वय वर्षाने वाढलं की बरोबर एक ठोका कमी. पण रेषा आहे म्हणजे तिच्याआधी कुठेतरी ठिपके असणार. ते ठिपके कुणाचे होते?

ही गोष्ट १९७० च्या आसपासची, अमेरिकेतली. सॅम्युअल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल या दोघा संशोधकांनी तोवर छापून आलेल्या दहाएक अभ्यासांतले आकडे एका आलेखावर मांडले. आडव्या अक्षावर वय, उभ्यावर कमाल ठोके. ठिपके डावीकडून उजवीकडे उतरत होते, त्यांतून नजरेच्या अंदाजाने रेषा गेली आणि १९७१ साली छापली गेली. लघुतम वर्गांची पद्धत, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचं रेषेपासूनचं उभं अंतर घेऊन त्यांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करणं, तिथे वापरलीच नव्हती. त्या अभ्यासांतली माणसंही साऱ्या समाजाचा नमुना म्हणून निवडलेली नव्हती. बहुतेक पंचावन्नच्या आतली, काही धूम्रपान करणारी, काही हृदयरोगी. सूत्र लक्षात ठेवायला सोपं, म्हणून जगभर गेलं. ठिपके मात्र मागेच राहिले.

आमच्या सिंहगडाच्या ग्रुपमधले एक काका ६६ वर्षांचे आहेत. शेवटच्या चढावर त्यांच्या घड्याळाने १६० दाखवले. सूत्राने त्यांची कमाल १५४. काका घाबरून खडकावर बसले. “बाई, मी हद्द ओलांडली की हो!” छातीत दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, चढावर लागतो तेवढाच दम लागला होता. तरी डॉक्टरांना दाखवून या म्हटलं. त्यांनी तपासून चढायला हरकत नाही असं सांगितलं. घड्याळाचं काय, ते मात्र मलाच समजावून द्यायचं होतं. मी आलेखाचा कागद घेऊन बसले.

२००१ साली हिरोफुमी तनाका आणि सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यास, १८,७१२ माणसं एकत्र करून नवी रेषा काढली: २०८ वजा वयाच्या ०.७ पट. दोन्ही रेषा एकाच कागदावर काढून बघा. चाळिशीला त्या १८० वर एकमेकींना छेदतात. त्याआधी जुनी रेषा वर, नंतर खाली. सत्तरीला जुनी १५० सांगते, नवी १५९. काकांची कमाल नव्या रेषेने जवळजवळ १६२ येते. म्हणजे ज्यांना व्यायामाचं मोजमाप सगळ्यात जपून हवं, त्या म्हाताऱ्या माणसांनाच जुनी रेषा सर्वांत जास्त चुकीचं सांगते.

पण काकांना मी नवा आकडा देऊन मोकळी झाले नाही. तनाकांच्या त्या आलेखात प्रत्येक ठिपका म्हणजे एका गटाची सरासरी आहे, एक माणूस नाही. सरासऱ्यांचे ठिपके रेषेला छान बिलगून बसतात. खऱ्या माणसांचे ठिपके ठेवले की ते वरखाली पसरतात. एकाच वयाच्या निरोगी माणसांतही प्रमाण विचलन, म्हणजे ठिपके सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात त्याचं माप, सुमारे १० ठोक्यांचं असतं. दहा वर किंवा दहा खाली असलेला माणूस आजारी नसतो, तो फक्त रेषेवर नसतो. बीपीसाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचे ठोके तर औषधानेच कमी राहतात, त्यांना ही रेषा लावायचीच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आरोग्याच्या कुठल्याही सूत्रासोबत त्याचा ठिपक्यांचा ढग दाखवायला हवा. नुसता १५४ पाहून काका घाबरले. तेच ‘१५४, पण पुष्कळ जण वरखाली’ असं दिसलं असतं तर ते शांतपणे पाणी पिऊन उठले असते.

आता ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी आपापले ट्रेडमिल टेस्टचे रिपोर्ट आणून दिलेत, ‘बाई, आपला आलेख काढा’ म्हणून. मी पहिल्यांदा बघते ते चाचणी का थांबवली. माणूस थकून थांबला असेल तर तो ठिपका कामाचा. काही ठिकाणी मात्र सूत्राच्या ८५ टक्क्यांना पोचलं की मशीन बंद करतात. असे ठिपके एका सरळ रेषेत सुंदर उतरतील, कारण त्या रेषेनेच त्यांना तिथे थांबवलेलं आहे. ते मी वेगळ्या रंगाने काढते आणि रेषा काढताना धरत नाही.