सरांनी शिकवलेला ‘अल-लतीफ’

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव असा समितीचा मेसेज आला आणि डोळ्यासमोर एकदम अरबीचे सर उभे राहिले, दुसरं कुणी आलंच नाही. बाकीच्या शिक्षकांनीही भरपूर दिलं, त्यांच्यावर इतरजण लिहितीलच. मी मात्र सरांवरच लिहिणार आहे आणि त्यातही त्यांनी शिकवलेल्या एका नावावर. आपल्या बॅचेसना ‘सर’ म्हटलं की कोणते सर हे सांगावं लागत नाही.

अल्लाहची ९९ नावं आपण सगळ्यांनीच पाठ केली होती, चालीत, एका दमात. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहांत आहे की अल्लाहची ९९ नावं आहेत, जो ती जपेल तो जन्नतमध्ये जाईल. आता जपणं म्हणजे नुसतं पाठ करणं नाही, अर्थ समजून घेणं आणि त्या अर्थाप्रमाणे वागणं, असं बरेच उलमा, म्हणजे धर्माचे जाणकार, सांगतात आणि सरांचा तर याच्यावरच सगळा भर होता. त्यामुळे ते यादी पुढे ढकलायचे नाहीत, एका नावावर थांबले की थांबले. अल-लतीफवर, म्हणजे बारीकसारीक जाणून हळुवारपणे मेहरबानी करणारा या नावावर, ते किती दिवस थांबले मला आठवत नाही पण अभ्यासक्रम मागे पडला होता एवढं नक्की आठवतं.

हे नाव कुरआनात सात ठिकाणी येतं आणि त्यातल्या पाच ठिकाणी लगेच पुढे ‘खबीर’ येतं, म्हणजे सगळ्याची आतून खबर असणारा. सर आम्हाला आधी त्या आयती, म्हणजे कुरआनातली ती वचनं, शोधायला लावायचे आणि मग विचारायचे की ही दोन नावं जोडीने का येत असतील. कुरआनातले ज्ञानी लुकमान आपल्या मुलाला सांगतात ना, की मोहरीच्या दाण्याएवढी गोष्ट असली, मग ती खडकात असो, आकाशात असो की जमिनीत, अल्लाह ती बाहेर आणतो, तिथे शेवटी हीच जोडी आहे. सूरह हजमध्ये (सूरह म्हणजे कुरआनातला अध्याय) पाऊस पडतो आणि जमीन हिरवी होते, तिथेही हीच. सर म्हणायचे, मेहरबानी करायची तर आधी समोरच्याला नेमकं काय दुखतंय ते कळायला हवं, ज्याला बारीकसारीक कळतच नाही तो मेहरबान असला तरी चुकीच्या जागी हात ठेवेल. लतीफमध्ये दोन्ही आहे, बारकाईने जाणणं पण आणि हळुवारपणे पोचवणं पण.

इमाम गझालींनी (निधन ११११) या नावांवर जे पुस्तक लिहिलंय त्यातलं सर नेहमी सांगायचे. आईच्या पोटात तीन अंधारांच्या आत बाळ वाढतं, नाळेतून त्याला पोसलं जातं, आणि जन्मल्यावर मिट्ट काळोखात सुद्धा ते दूध ओढायला लागतं, कुणी शिकवलेलं नसताना. दात लगेच येत नाहीत कारण दुधाला दात लागत नाहीत, आणि येतात तेव्हा तोडायचे वेगळे, दळायचे वेगळे. गझाली पुढे असंही लिहितात की माणसाने या नावातून घ्यायचं ते हे, की लोकांशी नरमाईने वागावं, त्यांना चांगल्याकडे बोलवताना झिडकारू नये, भांडू नये, आणि चांगल्या शब्दांपेक्षा चांगल्या वागणुकीने बोलवावं. मला वाटतं हे वाक्य सरांनी वाचून सोडून दिलं नव्हतं, रोज वर्गात येताना ते सोबत घेऊन यायचे.

आणि मग सूरह युसुफ. शंभरावी आयत, जिथे सगळी कहाणी संपत आलीय, आई-वडील तख्तावर बसलेत, भाऊ समोर आहेत आणि पैगंबर युसुफ अलैहिस्सलाम म्हणतात की माझ्या रबने, म्हणजे पालनकर्त्याने, माझ्यावर उपकार केले, मला कैदेतून बाहेर काढलं, तुम्हा सगळ्यांना वाळवंटातून इथे आणलं, शैतानने माझ्यात आणि माझ्या भावांमध्ये बिघाड केल्यानंतरही, आणि माझा रब जे करायचं ते लतीफपणे करतो. सरांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, “यात युसुफनी काय सांगितलं नाही?” वर्ग गप्प. आम्ही पुन्हा पुन्हा आयत वाचतोय. शेवटी मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, “विहीर!” सर इतके खूश झाले की टेबलावर हात आपटला. कैद सांगितली पण विहीर नाही सांगितली, कारण विहिरीत टाकणारे भाऊ समोर उभे होते, त्यांची मान खाली जाऊ नये म्हणून, असं तफसीर, म्हणजे कुरआनावरचं भाष्य, लिहिणारे सांगतात. ज्या आयतीत अल्लाहला लतीफ म्हटलंय त्याच आयतीत बोलणारा स्वतः किती लतीफ वागतोय बघा, असं सर म्हणाले.

आता माझं. माझ्याबरोबरच्यांना माहीतच आहे की मी तेव्हा खूप अडखळायचो, काही अक्षरांवर तर जीभ अडकून बसायची आणि सगळा वर्ग वाट बघत राहायचा. बाकीच्या तासांना माझा नंबर जवळ यायला लागला की पोटात गोळा यायचा. सरांच्या तासाला एकेकाने एक आयत वाचायची पद्धत होती, पण ओळ आमच्या बाकापाशी आली की सर म्हणायचे, “हं, आता सगळे मिळून.” आणि सगळे मिळून म्हणताना मी अडखळायचो नाही. कधी ते नुसता खडू माझ्या हातात द्यायचे, म्हणजे दुसऱ्याने वाचायचं आणि मी फळ्यावर लिहायचं, ‘लतीफ’मधल्या तोय अक्षराची उभी रेघ सरळ कशी ओढायची ते त्यांनी माझा हात न धरता, शेजारी स्वतः एकदा ओढून दाखवलं होतं. मला वाटायचं सरांना माझं अक्षर आवडतं. आवडत असेलही. पण बॅचच्या गेट-टुगेदरला आमच्या बाकावरचा मित्र सहज बोलून गेला की अरे ते ‘सगळे मिळून’ आपल्याच बाकापाशी यायचं, तुला कधी कळलं नाही का? नव्हतं कळलं. एकत्र म्हणताना अडखळणाऱ्यांची जीभ बहुतेक वेळा मोकळी होते हे मला पुढे स्पीच थेरपिस्टने सांगितलं, सरांना ते कुठून माहीत होतं अल्लाह जाणे.

तासाच्या सुरुवातीला सगळा वर्ग जी दुआ म्हणायचा ती तर पैगंबर मूसा अलैहिस्सलामची, सूरह ताहामधली, ‘माझ्या जिभेची गाठ सोड, म्हणजे लोकांना माझं बोलणं समजेल’. अख्खा वर्ग रोज ती दुआ मागत होता आणि माझं नाव कुणी एकदाही घेतलं नाही.

आज मी नोकरीत नवीन लोकांना ट्रेनिंग देतो, माइक घेऊन दिवसभर बोलतो, अजूनही कधीकधी अडखळतो पण थांबत नाही. सर हे बघायला नाहीत. अल्लाह त्यांची मगफिरत करो, त्यांना माफ करो.

हल्ली एक गोष्ट मनाला लागते. मोबाईलवर ९९ नावांचे सुंदर सुंदर फोटो फिरतात, खाली एका शब्दाचा अर्थ आणि त्याखाली ‘हे नाव इतक्या वेळा पढा, अमुक काम होईल’. अबजद हिशोबाने, म्हणजे प्रत्येक अरबी अक्षराला एक आकडा धरून, लतीफच्या अक्षरांची बेरीज १२९ होते म्हणून १२९ वेळा पढायची पद्धत आहे, सरांनी असं पढणाऱ्या कुणाला कधी टोकलं नाही, फक्त विचारायचे की बेटा, पढून झाल्यावर आज कुणाशी नरम वागलास? हा प्रश्न आता कुणी विचारताना दिसत नाही आणि त्याची मला फार खंत वाटते.

म्हणून समितीला एक विनंती आहे. नवीन हॉलमध्ये नावांचा मोठा बोर्ड लावणार असं ऐकलं. लावाच, पण प्रत्येक नाव कुरआनात जिथे आलंय ती एक तरी आयत आणि तिचा मराठी अर्थ त्याखाली हवा. लतीफखाली सूरह युसुफची शंभरावी आयत घ्यावी अशी माझी इच्छा आहे. बोर्डाचा खर्च आमची बॅच करेल आणि अक्षर मी लिहून देईन, फक्त माप लवकर कळवा.