उभी ठेवलेली बाटली

रविवार, रात्री

वाईनच्या बाटलीचं बूच अर्ध्यात तुटलं. मळसूत्र मधोमध न बसता तिरकं गेलं की तुटतंच, त्यात बूच वाळलेलं. उरलेल्या तुकड्यात मुद्दाम तिरकं फिरवून सावकाश ओढलं, तेव्हा आलं. पेल्यात ओतली तर रंग कोऱ्या चहाचा आणि वास चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा. म्हणजे आंबली नव्हती, हवा लागून मेली होती. सांगलीकडच्या पलूसची शेवटची शेनिन ब्लाँ, पांढरी वाईन.

चूक माझीच. आडवी ठेवली की वाईन बुचाला टेकते, बूच ओलं राहतं, फुगून घट्ट बसतं. उभ्या बाटलीत ते आक्रसतं, कडेनं हवा शिरते. त्यातून पश्चिमेच्या भिंतीचं कपाट आणि कोल्हापूरचा मे. हे सगळं पलूसच्या त्या टेस्टिंग रूममध्येच, वाईन चाखायच्या खोलीत, शिकलेलं, म्हणून जास्त लागतं.

राज्याच्या २००१ च्या वाईन धोरणातून विंचूर आणि पलूस अशी दोन वाईन पार्कं आली. नाशिककडचं नाव झालं. आपल्याकडचं... जाऊ दे.

टेस्टिंगची खोली एवढीशी, पण शिस्त कडक. आधी पांढरी, मग गुलाबी रोझे, मग लाल; गोड सगळ्यांत शेवटी. माप ३० मिलीचं, म्हणजे ७५० च्या बाटलीत २५ जण. रंग बघायला पेल्याखाली पांढरा कागद. भडंग दाराबाहेर! लसूण-तिखट लागलं की जीभ कामातून गेली. बिनमिठाचे शेंगदाणे आणि पाणी, बास. मग टाकीकडे. लाल आंबताना सालं वर येऊन जाड थर धरतात. दिवसातून दोन-तीनदा खाली दाबली नाहीत तर रंग नीट उतरत नाही आणि वर व्हिनेगरचा वास धरतो. शिराझ या लाल वाईनच्या त्या थराला हात लावला की कोमट लागायचा, आजारी पोराच्या कपाळासारखा. पांढरीचं उलटं, ती १५ अंशांच्या आसपास गारच आंबवायची. लाईट गेली की धावपळ आधी तिच्यासाठी.

उभी का ठेवली? आक्काला सांगितलं, जागा नव्हती. जागा होती. आडवी ठेवली की लेबल दिसत नाही. आणि दोन वर्षांत संपवा, ही जपायची वाईन नव्हे, असं बाटली हातात देतानाच बजावलं होतं. तरी जपली. जपून घालवली.

आक्कानं वास घेतला. "रश्श्यात चालंल का?" पांढऱ्या रश्श्यात तर नकोच म्हटलं. मोरीत ओतली.

बाटली तिनं धुऊन घेतली, घाण्याचं तेल भरायला. ती मात्र उभीच ठेवायची आहे.